कफाची कुळकथा

आमच्या लहानपणीं आजोळच्या माजघरांत एक थोरली मावशी रात्रीच्या रात्री बसून काढीत असे. मांडीवर उशी, उशीवर दोन्ही कोपर, खांदे वर चढलेले आणि शेजारीं राख घातलेलें एक पितळी तस्त. तिला आडवें होतां येत नसे. छातींतून शिट्टीसारखा बारीक आवाज येई आणि त्या आवाजाच्या मधल्या फटींतून ती एखाददुसरा शब्द बोले. पहांटेच्या सुमारास केव्हां तरी खोकल्याची मोठी उबळ येई, दोऱ्यासारखा चिवट बेडका तस्तांत पडे आणि मग तासभर तिला डुलकी लागे. घरांतील मोठीं माणसें म्हणत, "कफ सुटला." आम्हां मुलांना मात्र नेहमीं एकच प्रश्न पडे कीं, एवढ्याशा हडकुळ्या देहांत हा इतका कफ येतो तरी कोठून?

१९७८-७९ सालची गोष्ट. शहरांतील एका नामांकित डॉक्टरांस तिला दाखविलें. त्यांनीं सांगितलें कीं, हा मुख्यतः नसांचा व मनाचा रोग आहे. श्वासनलिकेचे स्नायु आखडतात म्हणून धाप लागते. कफ ही आनुषंगिक गोष्ट आहे, तिकडे फारसें लक्ष देऊं नये. त्या दिवसापासून घराची वागणूक थोडीशी पालटली. मावशीला उबळ आली कीं कोणी ना कोणी म्हणे, "उगीच मनाला लावून घेऊं नकोस." तिनें रात्रीं सोबत मागण्याचें हळूहळू सोडून दिलें. डॉक्टरांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षें ग्रंथांतून जें सांगितलें जात होतें तेंच त्यांनीं सांगितलें. पण तें ग्रंथांत आलें कसें, आणि आमच्या बाळपणच्या प्रश्नाचें उत्तर शेवटीं कोणत्या वाटेनें मिळालें, ही हकीगत मोठी मनोवेधक असून ती मराठी वाचकांसमोर एकत्र अशी फारशी आलेली नाहीं.

कफाची कुळकथा आरंभापासून सांगावयाची तर ती मस्तकापासून सांगावी लागते. हिपोक्रेटीसच्या संप्रदायांत, आणि पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेनच्या ग्रंथांत, असें मानलें होतें कीं, श्लेष्मा मेंदूंत सांठतो आणि तेथून नाकांत, घशांत व छातींत पाझरतो. सर्दीला युरोपीय भाषांत जो 'कॅटार' शब्द आहे त्याचा मूळ ग्रीक अर्थच मुळीं 'खालीं वाहणें' असा आहे. ही समजूत दीड हजार वर्षें टिकली. १६६० च्या सुमारास विटेनबर्ग येथील अध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर यानें नाक व मेंदू यांमधील अस्थि बारकाईनें तपासून दाखवून दिलें कीं, तेथून श्लेष्मा खालीं उतरावयास वाटच नाहीं. तो नाकाच्या अस्तरांतच उत्पन्न होतो. म्हणजे कफ जेथें दिसतो तेथेंच तो तयार होतो, एवढी साधी गोष्ट मनुष्यजातीला कळावयास सतरावें शतक अर्ध्याहून अधिक उलटावें लागलें.

आमच्या चरकसंहितेंत तमक श्वासाचें जें वर्णन आहे तें वाचतांना चरकानें आमच्या मावशीच्या उशाशीं बसूनच तें लिहिलें कीं काय असें वाटतें. रोगी निजला कीं धाप वाढते, बसला कीं बरें वाटतें. कफ सुटत नाहीं तोंवर तळमळ आणि सुटला कीं घटकाभर सुख. ढग, पाऊस, थंडी व पूर्वेकडील वारा यांनीं पीडा वाढते. निरीक्षण म्हणून याला तोड नाहीं. परंतु अलीकडे आमच्यांतील कांहीं उत्साही मंडळी, आधुनिकांनीं जें जें शोधिलें तें तें चरकाला आधींच ठाऊक होतें, असें म्हणावयास लागतात, तें आम्हांस पटत नाहीं. या रोगाचा उगम चरकानें छातीबाहेर, पोटाच्या बाजूस मानला आहे आणि कफाची निर्मिति त्रिदोषांच्या उपपत्तीनें लावली आहे. जें त्यानें पाहिलें त्याबद्दल त्याला मान देणें पुरेसें आहे. जें त्याला पाहतां येणें शक्यच नव्हतें तें त्याच्या पदरीं बांधण्यांत त्याचा गौरव नाहीं.

श्नायडरनंतर कफाचें कोडें सुटावें, तें न होतां कफच मागें पडला. सतराव्या शतकांतच टॉमस विलिस यानें दम्याला मज्जातंतूंचा विकार ठरविलें. १६९८ सालीं सर जॉन फ्लॉयर यानें दम्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ स्वतः अनेक वर्षांचा दमेकरी होता. १८६० सालीं हेन्री हाइड सॉल्टर याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. तोहि स्वतः दमेकरीच. सॉल्टरनें झटक्यासाठीं कडक काळी कॉफी घ्यावयास सांगितली, आणि ती लागू पडे. कॉफींतील द्रव्यानें श्वासनलिकेचे स्नायु खरोखरच सैल होतात. याच्याहि आधीं, १८०२ सालीं, जनरल जेंट नांवाच्या एका सेनाधिकाऱ्यानें मद्रासकडील धोत्र्याच्या मुळ्यांचा धूर ओढण्याची चाल इंग्लंडांत नेली होती, आणि दम्याच्या सिगारेटी तेथें पुढें शंभर-दीडशें वर्षें विकल्या जात होत्या. धोत्राहि मज्जातंतूंच्याच द्वारें काम करतो. औषध मज्जातंतूंवर चालतें, तेव्हां रोगहि मज्जातंतूंचाच असला पाहिजे, असा तर्क त्या काळच्या वैद्यांनीं केला. या तर्कांतील खोट सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत सहज येईल. कुलपाला तेल घातल्यानें तें उघडलें म्हणजे कुलपाचा रोग तेलाची वाण हाच होता असें ठरत नाहीं. १८९२ सालच्या आपल्या पाठ्यग्रंथांत विल्यम ऑस्लरसारख्या थोर वैद्यानें लहान श्वासनलिकांचा दाह व अस्तराची सूज यांचा उल्लेख केला आहे खरा. पण त्याच्या लेखींहि दमेकऱ्यांचा कुलस्वभाव हळवा, नसांचा असाच होता. वाचणाऱ्यांनीं दाह विसरला आणि हळवेपणा लक्षांत ठेविला.

आतां आम्ही या हकीगतीच्या आमच्या विशेष आवडत्या भागाकडे वळतों. वैद्यांचें लक्ष मज्जातंतूंकडे असतां कांहीं जर्मन व फ्रेंच पंडित, ज्या वस्तूकडे कोणी पाहूंहि इच्छीत नसे, त्या बेडक्यालाच सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं घेऊन बसले होते. १८५३ सालीं पॅरिस येथें शार्को यानें रक्ताच्या एका दुर्धर रोगानें मेलेल्या माणसाच्या शरीरांत दोन्हीं टोकांस अणकुचीदार असे सुईसारखे स्फटिक पाहिले. १८७२ च्या सुमारास अर्न्स्ट फॉन लायडेन यास तेच स्फटिक दमेकऱ्यांच्या कफांत आढळले. या स्फटिकांचीं टोकें श्वासनलिकेच्या मज्जातंतूंस टोचतात आणि म्हणून झटका येतो, अशी त्यानें उपपत्ति बसविली. ती लौकरच टाकून देण्यांत आली आणि स्फटिक म्हणजे मेलेल्या पेशींचा निरुपद्रवी केरकचरा असें ठरून गेलें. पुढें कुर्शमान यानें कफांतील मळसूत्रासारखे पिळे वर्णिले. बारीक नलिकांत घट्ट बसून त्यांच्याच आकाराचे झालेले ते कफाचे सांचे होते. या अगोदरच, १८६७ सालीं, शुल्ट्से यानें अस्तरांतील श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींना त्यांच्या आकारावरून चषकपेशी असें नांव दिलें होतें. कारखाना सांपडला होता. मालहि पुढें होता. कारखान्याला हुकूम कोण देतो तेवढें कळावयाचें राहिलें होतें.

तो हुकूम देणाऱ्यांच्या टोळीचा पहिला माग पॉल एर्लिख या तरुणास लागला. त्या काळीं जर्मनींत कोळशाच्या डांबरापासून नवनवे रंग निघत होते आणि एर्लिखला त्यांचें वेडच होतें. १८७८ सालच्या आपल्या पदवीच्या प्रबंधांत त्यानें कणांनीं गच्च भरलेल्या कांहीं पेशींना 'मास्ट' पेशी म्हटलें. त्या खाऊन लठ्ठ झाल्या आहेत अशी त्याची कल्पना होती. ती कल्पना चुकीची निघाली, पण नांव टिकलें. पुढच्याच वर्षीं त्यास रक्तांत अशा पेशी दिसल्या कीं, ज्यांचे कण 'इओसिन' नांवाचा तांबडा रंग अधाशासारखा शोषून घेतात. त्या इओसिनोफिल पेशी. इओसिन हें नांव ग्रीकांच्या 'इओस' या अरुणोदयाच्या देवतेवरून पडलें आहे, आणि ही इओस व आपल्या वेदांतील उषा या भाषाशास्त्रदृष्ट्या सख्ख्या बहिणी होत. बेडक्यासारख्या ओंगळ वस्तूंत उषेची लाली शोधणाऱ्या या लोकांविषयीं आम्हांस फार कौतुक वाटतें. १८८९ सालीं गोलॅश यानें दमेकऱ्यांच्या कफांत याच तांबड्या पेशींचे थवेच्या थवे दाखविले.

येथवर आल्यावर कोणासहि वाटेल कीं आतां उलगडा झालाच. पण या पेशी तेथें काय करतात हें कोणास ठाऊक नव्हतें. त्या रोग आणतात कीं बरा करतात? आग लागली म्हणून बंब आला, कीं बंबवाल्यांनींच आग लाविली? हा वाद शंभर वर्षें चालला, आणि तोंवर कफांतील पेशी हा प्रयोगशाळेंतील एक कुतूहलाचा विषय होऊन राहिला.

मध्यंतरीं दुसऱ्या एका दिशेनें ज्ञान वाढत होतें, तें थोडक्यांत सांगून टाकतों. १९०२ सालीं पोर्तिए व रीशे यांनीं दाखविलें कीं, शरीराची संरक्षक शक्ति कधीं कधीं शरीरावरच उलटते. १९०६ सालीं फॉन पिर्के यानें 'ॲलर्जी' हा शब्द बनविला. १९२१ सालीं प्राउस्निट्स यानें आपला सहकारी क्यूस्टनर याचें रक्तद्रव स्वतःच्या त्वचेंत टोंचून घेतलें. क्यूस्टनरला मासळी सोसत नसे, आणि टोंचलेल्या जागीं प्राउस्निट्सलाहि ती सोसेना. म्हणजे हा दोष रक्तांतून वाहून नेतां येतो. तें वाहून नेणारें द्रव्य, इम्युनोग्लोब्युलिन-ई, हातीं लागावयास १९६६-६७ साल उजाडलें. जपानी दांपत्य इशिझाका यांनीं अमेरिकेंत आणि योहान्सन व बेनिच यांनीं स्वीडनमध्यें तें स्वतंत्रपणें शोधिलें.

मृत्यूची साक्ष मात्र याहून जुनी व याहून स्पष्ट होती. १९२२ सालीं ह्यूबर व कोएस्लर यांनीं दम्यानें मेलेल्यांच्या फुप्फुसांचें सविस्तर परीक्षण प्रसिद्ध केलें. १९६० सालीं डनिल या आंग्ल विकृतिशास्त्रज्ञानें पुनः तेंच केलें. दोघांसहि दिसलें तें एकच. फुप्फुसें हवेनें फुगून टरटरीत, कापल्यावरहि न बसणारीं. आणि लहान-मध्यम श्वासनलिका चिवट कफाच्या बुचांनीं ठासून भरलेल्या. त्या बुचांत इओसिनोफिल, त्या नलिकांच्या भिंतींत इओसिनोफिल, आणि अस्तरांत चषकपेशींचें रान माजलेलें. हीं माणसें केवळ स्नायूंच्या आखडण्यानें मेलीं नव्हतीं. तीं गुदमरलीं होतीं, आणि गुदमरविणारी वस्तु डोळ्यांस दिसत होती. दमा मनाचा रोग आहे असें सांगणारानें एकदां तरी तें शवच्छेदन पाहावयास हवें होतें.

याच सुमारास इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें एक भयंकर प्रकार घडला. १९५६ पासून मोजून फवारा सोडणारीं औषधाचीं यंत्रें बाजारांत आलीं होतीं आणि त्यांपैकीं कांहींत आयसोप्रेनालीन हें स्नायु सैल करणारें औषध फार तीव्र प्रमाणांत होतें. १९६० नंतरच्या दशकांत या देशांतून दम्यानें मरणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकीं वाढली. त्या तीव्र औषधाचे दुष्परिणाम हें त्याचें एक कारण मानलें जातें. पण आम्हांस त्याची दुसरी बाजूहि तितकीच महत्त्वाची वाटते. फवाऱ्यानें घटकाभर आराम पडे, म्हणून रोगी घरींच थांबे. आणि त्या फवाऱ्याचा आंतल्या दाहावर वा कफाच्या बुचावर कांहीं इलाज नव्हता.

आतां आपल्या देशाचा या हकीगतींत खरोखर संबंध कोठें येतो तें सांगतों. १९४० सालीं मदनपल्लीच्या क्षयरुग्णालयांतील फ्रिमॉट-मोलर व बार्टन यांनीं क्षयासारखा भासणारा पण क्षय नसलेला एक विकार नोंदला. त्यांत रक्तांतील इओसिनोफिल अतोनात वाढत. १९४३ सालीं वाइनगार्टन यानें त्यास 'उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया' असें नांव दिलें. रात्रींचा खोकला, शिट्टी वाजणारी छाती, धाप. पाहणारा त्यास दमाच म्हणेल. पुढें कळलें कीं, हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीरानें पुकारलेलें हें युद्ध आहे, आणि कृमि मारणाऱ्या औषधानें तें शमतें. कृमि आणि इओसिनोफिल यांचें हें वैर ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

पेशींना साक्षीदाराच्या जागीं प्रथम ज्यानें उभें केलें तो कोणी विद्यापीठांतील महापंडित नव्हता. इंग्लंडांतील डर्बी गांवीं हॅरी मॉरो ब्राउन नांवाचा एक डॉक्टर होता. कॉर्टिझोन जातीचीं औषधें तेव्हां नवीं होतीं आणि १९५६ सालीं दम्यावर त्यांची जी सरकारी परीक्षा झाली तिचा निकाल फारसा उत्साहजनक नव्हता. ब्राउननें प्रत्येक रोग्याचा कफ स्वतः सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. ज्यांच्या कफांत इओसिनोफिल होते त्यांना औषधाचा उत्तम गुण आला. ज्यांच्या कफांत नव्हते त्यांना आला नाहीं. सरकारी परीक्षेंत दोन्हीं प्रकारचे रोगी एकत्र कालविले गेल्यामुळें गुण दिसेनासा झाला होता. हें १९५८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि जवळजवळ विसरलेंहि गेलें. बेडका पाहण्याची शिसारी हें त्याचें एक कारण असावें असा आम्हांस दाट संशय आहे.

शेवटचा पडदा १९८६ नंतर वर जाऊं लागला. त्या सालीं मॉसमन व कॉफमन यांनीं उंदरांच्या साहाय्यक टी-पेशींचे, त्या कोणतीं द्रव्यें स्रवतात त्यावरून, दोन वर्ग पाडले. टी-पेशी म्हणजे संरक्षक सैन्यांतील नायक. त्या स्वतः क्वचित् लढतात, पण रासायनिक निरोप पाठवून इतरांना लढवितात. त्यांपैकीं दुसऱ्या वर्गाच्या निरोपांना इंटरल्यूकिन-४, ५ व १३ अशीं रुक्ष नांवें आहेत. चवथ्या निरोपानें इम्युनोग्लोब्युलिन-ई बनतें. पांचव्यानें अस्थिमज्जेंतून इओसिनोफिल बाहेर पडतात. तेराव्याचें काम काय, हें १९९८ सालीं दोन संशोधकमंडळांनीं एकदमच दाखविलें. त्यांनीं उंदरांतील तेरावा निरोप अडविला, तेव्हां दम्याचीं मुख्य लक्षणें व कफ दोन्हीं ओसरलीं. आणि तेंच द्रव्य निरोगी उंदरांच्या श्वासमार्गांत सोडलें, तेव्हां अस्तरांत चषकपेशी माजल्या. २००२ सालीं कूपरमन व त्यांचे सहकारी यांनीं याहून बारीक प्रयोग केला. तेरावा निरोप वाचण्याची शक्ति केवळ अस्तराच्या पेशींत ठेवून इतर सर्व पेशींतून त्यांनीं ती काढून टाकली. तरीहि कफ झाला. म्हणजे रक्षक पेशींचा हुकूम थेट कारखान्याच्या दारांत पोंचतो आणि साध्या अस्तरपेशी चषकपेशी बनून जातात.

असा घातक हुकूम निसर्गानें ठेविला तरी कशाला? येथें वर सांगितलेल्या कृमींची आठवण करावी. ज्या उंदरांत तेरावा निरोपच नसतो त्यांना आंतड्यांतील कांहीं कृमि बाहेर टाकतां येत नाहींत. चिकट श्लेष्म्याचा लोंढा सोडून कृमीला उपटून वाहून नेणें, ही फार पुरातन युद्धनीति आहे. तीच नीति धुळींतील किड्यांच्या विष्ठेवर किंवा गवताच्या परागांवर, आणि तीहि केसाएवढ्या रुंद नलिकांत, चालविली म्हणजे दमा होतो. शत्रु नसतांना तटाचे दरवाजे लावून घेऊन आंतलीं माणसें उपाशीं मारण्यासारखें हें आहे.

२०१० सालीं या सैन्यांत आणखी एक पथक सांपडलें. जपान, इंग्लंड व अमेरिका येथील तीन प्रयोगशाळांनीं अशा पेशी शोधिल्या कीं, ज्या टी-पेशी नाहींत, ज्यांना विशिष्ट शत्रूची ओळखहि लागत नाहीं, पण अस्तराला इजा झाली कीं तें जीं संकटसूचक द्रव्यें सोडतें तीं मिळतांच या पेशी पांचवा व तेरावा निरोप सढळ हातानें सोडतात. सर्दीपडशानें किंवा धुरानें एकाएकीं दमा कां उसळतो, याचा निदान कांहीं उलगडा यांत आहे.

आतां खुद्द कफाविषयीं. श्लेष्म्याचें मुख्य द्रव्य म्हणजे म्यूसिन नांवाचे लांबच लांब रेणु. फुप्फुसांत त्यांच्या दोन जाती प्रमुख आहेत. एक, ५-बी, घरांतील रोजच्या केरसुणीसारखी. २०१४ सालीं असें दिसलें कीं, ती नसलेल्या उंदरांची फुप्फुसें स्वच्छ राहत नाहींत व त्यांना संसर्ग होतात. दुसरी, ५-एसी, संकटकाळची. तेराव्या निरोपानें भडकते ती ही. २०१५ सालीं ही दुसरी जात नसलेल्या उंदरांत ॲलर्जी उत्पन्न केली, तेव्हां रक्षक पेशी जमल्या, दाह झाला, पण श्वासनलिका पूर्वींसारख्या मिटल्या नाहींत! ज्याला ग्रंथांनीं शतकभर आनुषंगिक म्हटलें तो कफच अडथळ्याचा मोठा वांटेकरी होता.

२०१८ सालीं एलेनॉर डनिकन, जॉन फेही व सहकारी यांनीं जिवंत माणसांच्या छातीचीं क्ष-किरणीय संगणकचित्रें काढून फुप्फुसाच्या वीस विभागांतून कफाचीं बुचें मोजलीं. १४६ दमेकऱ्यांपैकीं शेंकडा ५८ जणांत निदान एका विभागांत बूच होतें. निरोगी २२ जणांत एकाच्याच. आणि पुष्कळांच्या बाबतींत वर्षें लोटल्यावर पुनः चित्र काढलें तरी बुचें होतींच. मृत्यूच्या वेळचा प्रकार म्हणून जें समजलें जात होतें तें माणसें छातींत बाळगून हिंडत होतीं. त्यांनीं इओसिनोफिलांचा वांटाहि दाखविला. या पेशींतील एक द्रव्य असा रासायनिक परिणाम घडवितें कीं, म्यूसिनचे सुटे धागे एकमेकांस गांठी मारून जखडले जातात. चषकपेशी सूत काततात आणि इओसिनोफिल त्याचा दोरखंड वळतात, असें म्हणावयास हरकत नाहीं. शंभर वर्षांच्या त्या वादांत बंबवाले निर्दोष ठरले नाहींत.

आणि शेवटीं ते स्फटिक. २०१९ सालीं बेल्जममधील गेंट येथील लॅमब्रेख्ट यांच्या मंडळानें दाखविलें कीं, शार्को-लायडेन स्फटिक हे इओसिनोफिलांतील गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे असून ते केरकचरा मुळींच नाहींत. स्फटिकरूपांत तें प्रथिन उंदरांच्या फुप्फुसांत घातलें कीं दाह होतो व कफ वाढतो; तेंच प्रथिन विरघळलेल्या रूपांत घातलें तर होत नाहीं. लायडेनची मज्जातंतूंना टोचण्याची गोष्ट शब्दशः खरी ठरली नाहीं. पण अणकुचीदार स्फटिक छळतात ही त्याची शंका दीडशें वर्षांनीं न्यायासनासमोर पुनः उभी राहिली, एवढें तरी मान्य केलेंच पाहिजे.

औषधांचा इतिहास याच वाटेनें गेला, आणि तीच चूक पुनः करून मग सुधारला. पांचवा निरोप अडविणारें औषध २००० सालीं थोड्या दमेकऱ्यांवर सरसकट वापरलें, तें फसलेंसें वाटलें. २००९ सालीं इंग्लंडांतील लेस्टर येथील मंडळीनें व कॅनडांत परमेश्वरन् नायर यांनीं, ज्यांच्या कफांत इओसिनोफिल वारंवार आढळत अशाच रोग्यांना तें दिलें, आणि झटके स्पष्टपणें कमी झाले. डर्बीच्या डॉक्टरानें अर्ध्या शतकापूर्वीं हेंच सांगितलें होतें. एकट्या तेराव्या निरोपाला अडविणारीं औषधें अपेक्षेस उतरलीं नाहींत. चवथा व तेरावा दोन्हीं ज्या दारानें शिरतात तें दार बंद करणारें डुपिलुमॅब २०१८ सालीं दम्यासाठीं मान्य झालें. आणि अस्तराचें संकटसूचक द्रव्यच अडविणारें टेझेपेलुमॅब २०२१ सालीं. या शेवटच्यानें बुचें कमी होतात हें छातीच्या चित्रांवरूनहि दिसलें आहे. पण या औषधांची किंमत आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची आहे, हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. अडुळशाच्या काढ्याचें काय, असें आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकीं कोणी विचारील. तर अडुळशांतील द्रव्याच्या धर्तीवर बनविलेलें ब्रोमहेक्सीन हें औषध १९६३ पासून वापरांत आहे. तें कफ पातळ करतें. हुकूम देणाऱ्यास तें थांबवीत नाहीं.

हुकूम देणाऱ्यांस आवरणारें, स्वस्त आणि जुनें औषध एक आहे: ओढून घेण्याचें स्टेरॉइड, १९७२ पासूनचें. आणि आमच्या मध्यमवर्गीय घरांत तेंच नको असतें. 'संवय लागेल', 'मुलीच्या लग्नांत अडचण येईल', 'पंप म्हणजे शेवटची पायरी' अशा समजुतींनीं तें कपाटाच्या मागें जातें. आणि तात्पुरता आराम देणारा दुसरा फवारा मात्र पर्समध्यें असतो, कारण तो लपून घेतां येतो व त्याचा गुण मिनिटांत कळतो. २०१९ सालापासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक मंडळानें प्रौढ व किशोरवयीन रोग्यांना तो दुसरा फवारा एकटा देऊं नये असेंच सांगितलें आहे. आमच्या नात्यांतील एका महाविद्यालयीन मुलीकडे गेल्या पावसाळ्यांत आम्हीं हाच प्रकार पाहिला. तिच्या नव्या डॉक्टरांनीं रक्ततपासणीच्या कागदावर एका आंकड्याभोंवतीं पेनानें वर्तुळ काढून दिलें होतें. तो आंकडा इओसिनोफिलांचा होता. तिच्या आजीनें आम्हांस विचारलें, "हें काय रे नवीन काढलंय?" आम्हीं सांगितलें कीं नवीन नाहीं, १८७९ सालचें आहे, आणि मग कपाटामागचा तो पंप काढून टेबलावर ठेवावयास तिला सांगितलें.